कास रस्त्यावरचे वडिलोपार्जित घर पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने द्यायचे आहे : परवानग्या आणि करांविषयी माहिती हवी

माचीवरची

नमस्कार. साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे गाव आहे. तिथे सासऱ्यांनी १९८८ साली बांधलेले चार खोल्यांचे घर आहे. पुढे ओसरी, मागे न्हाणीघर आणि परसात फणसाची दोन झाडे आहेत. सासरे गेल्यापासून तीन वर्षे घराला कुलूप आहे. आम्ही साताऱ्यात राहतो आणि दीर पुण्यात असतात. पावसाळ्याआधी पत्रे आवळून घ्यायला आणि दिवाळीपूर्वी झाडलोट करायला आम्ही जातो, तेवढाच त्या घराला माणसांचा वावर.

गेल्या भाद्रपदात आम्ही ओसरीची फरशी धूत असताना एक कुटुंब गाडी थांबवून आत आले. पठारावरून परतताना त्यांना अंधार झाला होता आणि कडेवरचे मूल पेंगुळले होते. आम्ही त्यांना रात्रभर ठेवून घेतले, पिठले-भाकरी केली. सकाळी निघताना आम्ही नको नको म्हणत असतानाही त्यांनी दोन हजार रुपये देव्हाऱ्यापाशी ठेवले. यंदा ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे फुलांच्या हंगामात, दोन खोल्या रीतसर पाहुण्यांना द्याव्यात असे मनात आहे.

परंतु ज्याला विचारावे तो वेगळे सांगतो. एक जण म्हणतो की घर आपले आहे, मग परवानगी कशाला? दुसरा म्हणतो की भाडेकरार नोंदवल्याशिवाय कोणाला पाय ठेवू देऊ नका. हे पैसे भाडे धरायचे की धंद्याचे उत्पन्न, जीएसटी लागतो का, पोलिसांना कळवावे लागते का आणि घराचे कागद अजून सासऱ्यांच्या नावावर असताना हे करता येते का, एवढे मला नीट समजून घ्यायचे आहे. लपवून काही करायचे नाही. कृपया ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांनी लिहावे.

शिवसागर

ताई, मी बामणोलीच्या बाजूला सहा वर्षे तीन खोल्या चालवतो. कराचे इथले जाणकार सांगतील, मी नोंदवहीविषयी सांगतो, कारण तिचे महत्त्व मला एका रात्रीत कळले.

दुकानात मिळणारी जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यात रकाने आखा. पाहुण्याचे नाव, पूर्ण पत्ता, ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक, गाडीचा क्रमांक, कुठून आले, कुठे जाणार, आल्याची आणि गेल्याची वेळ, बरोबरची माणसे आणि शेवटी सही. तिसऱ्या वर्षी एका रात्री साडेअकराला पोलीस पाटील दोन हवालदारांना घेऊन दारात आले. घर सोडून गेलेल्या एका तरुणाचा शोध चालू होता. मी वही पुढे केली. तो मुलगा आदल्या रात्री माझ्याकडे राहून सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेढ्याच्या दिशेने गेल्याची नोंद गाडीच्या क्रमांकासह तिथे होती. दुपारपर्यंत तो सुखरूप सापडला. वही नसती तर त्याच्या आईला मी काय सांगितले असते, हा विचार आजही येतो.

परदेशी पाहुणा आला तर मात्र वहीवर भागत नाही. त्याची माहिती चोवीस तासांच्या आत शासनाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे आणि त्यातही पाहुणा ठेवून घेणाऱ्यावर ही जबाबदारी आहे. त्यासाठी आधी आपल्या जागेची नोंदणी करून घ्यावी लागते, म्हणून पाहुणा दारात उभा राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच ते करून ठेवा.

प्रतापगंज

भाडेकराराविषयी जो गोंधळ आहे तो आधी दूर करू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा) करार लेखी असणे आणि तो नोंदवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ज्याने तुम्हाला करार नोंदवायला सांगितले त्याच्या मनात हेच कलम असणार. पण ते राहायला जागा देण्याच्या व्यवहाराविषयी आहे. दोन रात्रींसाठी आलेला पाहुणा लॉजवर उतरतो तसा उतरतो, त्याला घराचा ताबा मिळत नाही आणि किल्लीही तुमच्याकडेच असते. पाहुण्यागणिक करार नोंदवत बसण्याची गरज नाही.

मात्र याचाच दुसरा अर्थ असा की, ज्या क्षणी तुम्ही 'हा भाडेकरू नव्हे' असे म्हणता त्या क्षणी तुम्ही निवासाचा व्यवसाय करत आहात असे म्हणता. पुढचे सारे नियम त्यातूनच येतात.

हिशेबवही

प्रतापगंज यांनी नेमके बोट ठेवले आहे. मी साताऱ्यात करसल्लागाराचे काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या होमस्टेवाल्यांपैकी बहुतेकांचा घोटाळा याच एका ठिकाणी झालेला असतो : पैसे घेताना धंदा आणि विवरणपत्र भरताना भाडे, किंवा नेमके उलट.

आधी एक खुलासा करतो. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा, २०२५ चा अधिनियम लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोकांच्या तोंडी अजून जुने क्रमांक आहेत म्हणून मीही तेच वापरतो.

समजा, हंगामात आणि शनिवार-रविवार धरून तुमच्याकडे वर्षाला सहा लाख रुपये जमा झाले. ते 'घरापासूनचे उत्पन्न' धरले तर भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. म्हणजे ढोबळमानाने चार लाख वीस हजार करपात्र होतात. कामवाल्या मावशींचा पगार, चादरींची धुलाई, गॅस, चहा-साखर यांपैकी काहीही त्यातून वेगळे वजा होत नाही. हेच सहा लाख धंद्याचे उत्पन्न धरले आणि कलम ४४एडीची अनुमानित पद्धत घेतली, तर बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरता येतो. सगळे पैसे खात्यात आले असतील तर ही किमान रक्कम छत्तीस हजार होते.

चार लाख वीस हजार आणि छत्तीस हजार यांतला फरक पाहून सगळ्यांना अर्थातच धंदा हवासा वाटतो. म्हणूनच २०२४ च्या वित्त अधिनियमाने कलम २८ मध्ये स्पष्टीकरण घातले की, मालकाने राहते घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिल्यास ते उत्पन्न धंद्याचे नव्हे, घरापासूनचेच धरले जाईल.

माझे मत असे आहे की तुमचे उदाहरण या स्पष्टीकरणात सहज बसत नाही. तुम्ही चादरी बदलता, नाश्ता देता, खोली झाडता, रात्री-अपरात्री गरम पाणी देता. पाहुणा पैसे मोजतो ते या सेवेसकट. पण मग तसे पुराव्याने दिसले पाहिजे. बिलावर 'निवास व नाश्ता' असे लिहिलेले असावे, नोंदणी व्यवसायाची असावी आणि खर्चाच्या पावत्या जपलेल्या असाव्यात. नुसती किल्ली हातात देऊन महिनाभर कोणाला घर दिले तर ते भाडेच आहे आणि ते भाडे म्हणूनच दाखवावे. आणखी एक सांगतो. ६ टक्के ही किमान रक्कम आहे. प्रत्यक्षात सहा लाखांतून तीन लाख हातात उरत असतील तर जास्तीचा नफा दाखवण्याची सोय कायद्यात आहे आणि तसे दाखवणेच सरळ आहे असे मी माझ्या अशिलांना सांगतो.

पाचगणीकर

हिशेबवही, आपला आदर ठेवून असहमती नोंदवतो. आमच्याकडे बंगला आठवड्याच्या शेवटी पूर्ण दिला जातो. आचारी हवा असेल तर पाहुणे स्वतः ठरवतात, आम्ही फक्त घर उघडून देतो. आमच्या सीएंनी २०२४ च्या बदलानंतर स्पष्ट सांगितले की ही रक्कम घरापासूनच्या उत्पन्नात दाखवा, नाहीतर नोटीस आल्यास उत्तर देणे कठीण जाईल. आपण ज्याला सेवा म्हणता ती घराबरोबर येणारी किरकोळ सोय आहे, असे अधिकारी म्हणू शकतो. तेव्हा नवख्या माणसाला धंद्याचा मार्ग सुचवताना ही जोखीमही सांगावी.

हिशेबवही

पाचगणीकर, तुमच्या बाबतीत तुमच्या सीएंचा सल्ला मला योग्य वाटतो, कारण तुम्ही खरोखरच फक्त घर देता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली चेन्नई प्रॉपर्टीजच्या प्रकरणात मालमत्ता भाड्याने देणे हाच कंपनीचा उद्योग असल्याने ते उत्पन्न धंद्याचे मानले. पण ती कंपनी होती आणि तिचे उद्दिष्टच ते होते. दोन खोल्यांच्या घरमालकाने त्या निकालाच्या आधारावर फार विसंबू नये, हे मान्य. निवाडा शेवटी तुम्ही प्रत्यक्ष काय देता त्यावर होतो.

धंद्याच्या मार्गात एक खाचखळगा आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. धंद्यात वापरलेल्या इमारतीवर घसारा (झिजेपोटी दरवर्षीची वजावट) धरला जातो आणि अनुमानित पद्धतीतही तो मिळाल्याचे गृहीत धरतात. उद्या घर विकायचे ठरले तर घसारा लागलेल्या इमारतीवरचा नफा कलम ५० प्रमाणे अल्पमुदतीचा ठरतो. सासऱ्यांनी १९८८ साली बांधलेल्या घराला एरवी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरण्याची मुभा असते. इमारतीपुरती ती मुभा वादात सापडू शकते. जमिनीला घसारा नसतो, त्यामुळे तिचा हिशेब निराळा राहतो. घर कधीच विकायचे नसेल तर हा प्रश्न येत नाही, पण दिरांशी वाटणीचे बोलणे व्हायचे असेल तर आधी विचार करावा.

कोरेगावची सून

हिशेबवही, घसाऱ्याचा मुद्दा मी आज प्रथमच वाचला. आमच्या सासरी दोन वर्षे धंदा म्हणून विवरणपत्र भरले जात आहे आणि घर विकण्याचा विचारही चालू आहे. उद्याच आमच्या सल्लागारांना विचारते. मनापासून आभार.

गावठाण

मी ग्रामसेवक म्हणून जावळी आणि पाटण तालुक्यांत नोकरी केली, आता निवृत्त आहे. ताईंचा शेवटचा प्रश्न सगळ्यांनी मागे टाकला, पण माझ्या अनुभवाने तोच पहिला आहे.

सासऱ्यांच्या पश्चात घर सर्व वारसांचे आहे. तुमचे यजमान, दीर, नणंद असल्यास त्या आणि सासूबाई असल्यास त्याही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, अजून सासऱ्यांचे नाव असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन वारस नोंदीचा अर्ज करा. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका निघाली असेल तर तिच्यावरही नावे तपासा. मी अशा पत्रिका पाहिल्या आहेत की ज्यांवर थोरल्या भावाचेच नाव लागले आणि धाकट्याला ते चार वर्षांनी कळले. मग व्यवसाय कोण करणार हे ठरवून बाकीच्यांचे संमतिपत्र साध्या भाषेत, साक्षीदारांच्या सह्यांनिशी करून घ्या. पैसे येऊ लागल्यावर संमती मागणे जड जाते, आधी मागितली तर भाऊ हसत हसत सही देतो.

त्यानंतर ग्रामपंचायतीकडे ना हरकत दाखल्यासाठी अर्ज करा. घरपट्टीच्या आकारणीत वापराप्रमाणे भारांक असतो आणि व्यावसायिक वापराचा भारांक निवासीपेक्षा जास्त असतो. त्यामुळे दोन खोल्यांची घरपट्टी थोडी वाढेल. ती वाढ मुकाट्याने स्वीकारा. गावाच्या पाण्याच्या टाकीवर तुमचे पाहुणे आंघोळ करणार आहेत आणि गावच्या रस्त्यावर त्यांच्या गाड्या उभ्या राहणार आहेत. ज्या घरांनी हे आपणहून केले त्यांच्याविरुद्ध ग्रामसभेत तक्रार आलेली मी पाहिली नाही.

घर गावठाणात आहे की शेतात, हे मात्र तुम्ही लिहिलेले नाही. शेतात असेल तर गोष्ट बदलते. शेतघर हे शेतीच्या वापरासाठी असते आणि त्याचा लॉज करणे हा वापरातला बदल आहे. शेतकऱ्यांसाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, त्याची वाट वेगळी आहे.

माचीवरची

गावठाण काका, घर गावठाणातच आहे. नमुना ८ वर अजून सासऱ्यांचेच नाव आहे. नणंदही आहेत, त्या कराडला असतात. त्यांचे नाव आमच्या बोलण्यात कधी आलेच नव्हते, तुम्ही लिहिल्यावर आज मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या की घर उघडे राहणार असेल तर मला आनंदच आहे, फक्त गौरीच्या दिवसांत पाहुणे ठेवू नका. हे मला आधीच सुचायला हवे होते.

सदरबझार

थोडे बाजूचे विचारतो. साताऱ्यात सोसायटीत माझा एक फ्लॅट रिकामा आहे. तोही असा दिवसावर देता येईल का? सोसायटी बिनभोगवटा शुल्क मागेल, ते द्यायला मी तयार आहे.

प्रतापगंज

सदरबझार, बिनभोगवटा शुल्क हे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. पण ते शुल्क सदस्याने आपला फ्लॅट दुसऱ्याला राहायला दिला तर लागते. दर दोन दिवसांनी नवी माणसे जिना चढू लागली की सोसायटी उपविधींतल्या निवासी वापराच्या अटीवर बोट ठेवेल आणि त्या वेळी शुल्क भरल्याची पावती उपयोगी पडणार नाही. आधी सर्वसाधारण सभेत विषय मांडून ठराव मिळवा. मिळाला नाही तर अकरा महिन्यांचा रीतसर करार करून एखाद्या कुटुंबाला द्या. वृद्ध माणसे आणि लहान मुले असलेल्या इमारतीत शेजाऱ्यांची भीती मला खोटी वाटत नाही.

मेढेकर

विजेचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून माझी चूक इथे लिहितो. आम्ही घरगुती मीटरवरच दोन वर्षे पाहुणे ठेवले. प्रत्येक खोलीत गिझर होता. एके दिवशी तपासणी पथक आले, त्यांनी दारावरची 'खोल्या मिळतील' ही पाटी, गिझर आणि भिंतीवरचा दरफलक यांची छायाचित्रे घेतली. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, ज्या कारणासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कारणासाठी वापर केला तर तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधी सुरू झाला हे ठरवता आले नाही तर तपासणीआधीच्या बारा महिन्यांची आकारणी होते. आमची बारा महिन्यांची झाली. पथकातील माणसे सौजन्याने वागली, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. चूक आमचीच होती, कारण मीटरच्या अर्जावर वापराचे कारण आम्ही स्वतः 'निवासी' असे लिहून सही केली होती.

ताई, पाटी लावण्याआधी वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या, पर्यटन विभागाची नोंदणी असल्यास ती जोडा आणि कोणता दर लागेल ते लेखी घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका. आणि जमल्यास पाणी तापवायला बंब ठेवा. आमच्याकडे आता तांब्याचा बंब आहे, मुलांना तर तो गिझरपेक्षा जास्त आवडतो.

शिवसागर

मेढेकरांनी पर्यटन विभागाचे नाव काढले म्हणून लिहितो. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे होमस्टे आणि निवास-न्याहारी घरांची नोंदणी होते, आपल्या जिल्ह्याचे काम पुण्याच्या विभागीय कार्यालयातून चालते. केंद्र सरकारचीही योजना आहे. तिच्यात एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणे अशा अटी आहेत. ताई साताऱ्यात राहतात, त्यामुळे केंद्राच्या योजनेत ही अट आडवी येईल. राज्याच्या नोंदणीत तुमच्या परिस्थितीला काय लागू पडते ते पुण्याच्या कार्यालयात कागद दाखवून विचारा.

नाश्ता आणि जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी घ्या. ती ऑनलाइन होते. शॉप अॅक्टखाली वीसपेक्षा कमी कामगार असल्यास परवान्याऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्या सूचनेची पावती बँकेत चालू खाते उघडायलाही उपयोगी पडते.

माचीवरची

मी हे सगळे एका वहीत उतरवून घेत आहे. आता जीएसटीविषयी विचारते. आमच्या दोन खोल्या, प्रत्येकी अडीच हजार रुपये रात्रीला. वर्षाला फार तर ऐंशी रात्री भरतील असे धरले तर चार लाख होतात. माझ्या यजमानांचे साताऱ्यात स्टेशनरीचे दुकान आहे, त्याची उलाढाल साधारण सतरा लाखांची आहे आणि त्याला जीएसटी क्रमांक नाही. बुकिंग अर्धे ओळखीतून आणि अर्धे संकेतस्थळावरून घ्यावे असे वाटते.

हिशेबवही

ताई, दुकानाचा उल्लेख केलात हे फार बरे झाले. तो केला नसता तर मी तुम्हाला चुकीचे उत्तर दिले असते.

नुसत्या वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा चाळीस लाख आहे, म्हणून दुकानाला आजवर नोंदणी लागली नाही. सेवा देणाऱ्याला ती वीस लाख आहे. एकाच पॅनवर वस्तू आणि सेवा दोन्ही आल्या की चाळीस लाखांची सवलत संपते आणि वीस लाखांची मर्यादा एकूण उलाढालीला लागते. सतरा अधिक चार म्हणजे एकवीस लाख. होमस्टे यजमानांच्या नावाने चालवला तर दोन खोल्यांपायी स्टेशनरीच्या प्रत्येक वहीवर आणि पेनावर जीएसटीचा हिशेब सुरू होईल. तुमच्या स्वतःच्या पॅनवर, तुमच्या खात्यात, तुम्ही स्वतः चालवणारा व्यवसाय असेल तर उलाढाल चार लाखांचीच राहते. पण हे कागदापुरते नको. खरोखर तुम्ही चालवणार असाल, तुमचे श्रम असतील आणि घराच्या मालकांनी, म्हणजे यजमान, दीर आणि नणंद यांनी, तुम्हाला वापराची लेखी परवानगी दिली असेल तरच ते टिकेल. तसे केल्यास घर तुमच्या मालकीचे नसल्याने उत्पन्न घरापासूनचे की धंद्याचे हा वर चाललेला वादही तुमच्यापुरता बराच मिटतो, कारण घरापासूनचे उत्पन्न मालकाच्या हाती धरले जाते. वारसांना तुम्ही काही रक्कम देणार असाल तर ती त्यांच्या विवरणपत्रात आपापल्या हिश्श्याप्रमाणे येईल.

आता दराचे. रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. त्याआधी तो १२ टक्के होता. साडेसात हजारांच्या वर १८ टक्के आहे. पाचगणीकरांसारखा अख्खा बंगला एकच एकक म्हणून रात्रीला बारा हजारांना दिला तर तो १८ टक्क्यांत जातो, त्यात खोल्या चार असल्या तरी.

तुम्ही नोंदणीपात्र नसाल तर ओळखीतून थेट येणाऱ्या पाहुण्याकडून जीएसटी घ्यायचा नाही, बिलावर तो लिहायचाही नाही. संकेतस्थळावरून आलेल्या बुकिंगवर मात्र जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) प्रमाणे ते संकेतस्थळच पाहुण्याकडून कर घेऊन भरते. म्हणून पाहुण्याला तीच खोली तिथे महाग दिसते, त्यात तुमचा दोष नसतो. तुमच्याकडून ते आपल्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी आकारतील, तो तुमचा खर्च धरा. प्राप्तिकरासाठी त्यांच्याकडून होणारी कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे आणि व्यक्तीच्या बाबतीत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रकमेवर, पॅन किंवा आधार दिले असेल तर, तीही होत नाही. संकेतस्थळावरून जी रक्कम पाहुण्याने भरली ती पूर्ण तुमची उलाढाल आहे, कमिशन कापून खात्यात आलेली नव्हे. ही चूक मी दरवर्षी जुलैत दुरुस्त करत असतो.

कृष्णाकाठ

इतका व्याप नको असेल तर तिसरा मार्गही आहे. वाईजवळ मेणवलीच्या बाजूचे आमचे घर आम्ही होमस्टे चालवणाऱ्या एका व्यावसायिकाला, म्हणजे चालकाला, महिन्याच्या ठरावीक रकमेवर तीन वर्षांसाठी दिले आहे. पाहुणे, परवाने, चादरी हे सगळे तो पाहतो. हा मात्र खरा लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे आणि तो नोंदवावाच लागतो. महिना वीस हजार, छत्तीस महिने, म्हणजे सात लाख वीस हजार. परत करायची अनामत एक लाख, तिच्यावर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचे तीस हजार. एकूण साडेसात लाखांवर पाव टक्का म्हणजे १,८७५ रुपये मुद्रांक शुल्क आणि ग्रामपंचायत हद्दीत असल्याने ५०० रुपये नोंदणी शुल्क एवढाच खर्च आला. उत्पन्न सरळ घरापासूनचे, ३० टक्के वजावटीसह. करारात आम्ही दोन गोष्टी आवर्जून घातल्या : वापराचा हेतू पर्यटक निवास असा स्पष्ट लिहिला आणि पाहुण्यांच्या नोंदी, वीज दर व अन्न नोंदणी यांची जबाबदारी चालकाची ठेवली.

पाचगणीकर

कृष्णाकाठ, हा मार्ग सोयीचा खरा, पण तीन वर्षे घर परक्या माणसाच्या हातात जाते. आमच्याकडे एका चालकाने न विचारता गच्चीवर आणखी दोन खोल्या उभ्या केल्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथे विनापरवाना बांधकाम झाले की उत्तर मालकालाच द्यावे लागते. आम्हाला त्या खोल्या स्वखर्चाने पाडाव्या लागल्या. बांधकामात कोणताही फेरफार करण्यास मनाई, हे वाक्य करारात ठळक असावे.

माचीवरची

काल दीर आले होते. आम्ही सगळे घरी बसून हा धागा मोठ्याने वाचला. चालकाला घर द्यायचे नाही यावर एकमत झाले, कारण आम्हाला ते घर उघडे हवे आहे आणि आमच्या हातचे हवे आहे. व्यवसाय माझ्या पॅनवर आणि माझ्या वेगळ्या खात्यातून चालेल. हंगामाचे अडीच महिने मी आणि सासूबाई तिथेच राहायला जाणार आहोत, त्यामुळे पाहुण्यांकडे लक्ष राहील आणि सासूबाईंनाही घर मिळेल. वारस नोंदीचा अर्ज सोमवारी देत आहोत. तिन्ही वारसांचे आणि सासूबाईंचे संमतिपत्र लिहून झाले आहे, त्यात नणंदेच्या सांगण्यावरून गौरीचे तीन दिवस घर पाहुण्यांना बंद, असेही लिहिले आहे. वीज कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा मेढेकरांनी पाहून दिला तर उपकार होतील.

एकच शंका राहिली. पाहुण्यांकडून आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन ठेवावी का?

प्रतापगंज

ओळखपत्र पाहून क्रमांक वहीत लिहून घेणे पुरेसे ठरावे. प्रत ठेवायचीच असेल तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्या, ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्रही चालते. झेरॉक्सचे गठ्ठे ओसरीवरच्या फडताळात पडून राहू देऊ नका. त्यांच्यावर लोकांची नावे, पत्ते आणि जन्मतारखा असतात. त्या सांभाळण्याची जबाबदारी आपली असते. आपल्या पोलीस ठाण्याला आणखी काय कळवायचे आहे, ते तिथे एकदा समक्ष जाऊन विचारून या. जिल्हादंडाधिकारी वेळोवेळी आदेश काढतात आणि ते दर वर्षी तेच नसतात.

मेढेकर

ताई, मसुदा पाठवा, आजच पाहतो. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन परत आणा.

शिवसागर

आणि वहीची पाने पहिल्याच दिवशी शाईने क्रमांकित करा. मी पहिल्या वर्षी ते केले नव्हते. मधले एक पान फाटून गेले आणि ते पान पाहुण्यांचे होते की कोरे, हे मला शेवटपर्यंत सांगता आले नाही.